धमतरीचे पास्टरकाका : एका निवृत्त मेनोनाइट पाळकाची आठवण

महानदीकाठ

गेल्या महिन्यात छत्तीसगढमधल्या धमतरीहून फोन आला, पास्टरकाका गेले. वय ८८. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. काकूंनी चहाला हाक मारली तेव्हा कळलं.

इथे त्यांना कोणी ओळखत असेल असं वाटत नाही. पण मला हे मराठीतच लिहायचं होतं, कारण काका माझ्याशी आणि माझ्या आईशी शेवटपर्यंत मराठीत बोलले. छत्तीसगढी आईच्या पोटी जन्मलेला, हिंदीत प्रवचन करणारा हा माणूस आमच्या दारात आला की, "काय म्हणता वहिनी, भाकर हाय का जी?" असं विचारायचा.

माझे वडील सिंचन खात्यात होते. रुद्रीच्या कालव्यावर नेमणूक होती आणि घर धमतरीच्या मराठापाऱ्यात. भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत तिथे. धमतरी म्हणजे भाताचा मुलूख. तिन्ही त्रिकाळ भात, सगळीकडे राइस मिल. ज्वारी औषधालाही मिळायची नाही. आई दर हिवाळ्यात नागपूरहून ज्वारी मागवायची आणि पहिल्या दिवशी भाकरी थापल्या की मला सायकलवरून पिटाळायची, "जा, पास्टरकाकांना सांग." काका यायचे, झुणका-भाकरी खायचे. पहिला तुकडा तोडताना डोळे मिटून ओठ हलायचे. आई तेवढा वेळ हातातलं काम थांबवायची. ती विठ्ठलाची, ते येशूचे. दोघांनी एकमेकांना कधी काही समजावलं नाही.

काकांना ही भाकरी यवतमाळात लागली होती. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. वेगवेगळ्या पंथांची पाळक घडवणारी संस्था ती. धमतरीकडची मेनोनाइट मुलंही तिथे शिकायला जात. काका १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथे गेले. मेसमध्ये भात आठवड्यातून दोनदा, बाकी भाकरी. पहिला महिना रडलो, म्हणायचे, आणि नंतरचा जन्म तिच्यासाठी झुरलो. मराठी तिथलीच. रेव्हरंड टिळकांची भजनं तिथेच पाठ केली, आणि आमच्या अंगणात आईला म्हणून दाखवायचे. आईला ती ओव्या-अभंगांसारखीच वाटायची, आणि ती होतीही तशीच.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं धमतरीच्या आसपासच्या मंडळ्यांमध्ये गेली. जंगलाकडच्या घटुल्यापासून बालोदगहानपर्यंत. पगार बेताचा, सायकल एकच. मोठा वक्ता वगैरे नव्हते. प्रवचन लांबायचं, बायका पदराआड जांभया द्यायच्या. मी त्यांच्याविषयी लिहितोय ते वेगळ्याच कारणाने.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. त्यांची सायकल चोरीला गेली. तिसऱ्या दिवशी बाजारात एक पोरगा त्याच सायकलवर दिसला. लोकांनी ओढून खाली पाडला आणि बडवायला सुरुवात केली. काका भाजी घेत होते. पिशवी टाकून मध्ये शिरले आणि त्या पोरावर आडवे पडले. कोणाची तरी काठी काकांच्या कानावर बसली. त्या कानाने पुन्हा नीट ऐकू आलं नाही. शेवटपर्यंत आम्ही त्यांच्या डाव्या बाजूला बसायचो.

इथवरची गोष्ट धमतरीत पुष्कळांना ठाऊक आहे. पुढची कमी लोकांना. पोलीस केस झाली होती, काकांना साक्षीला बोलावलं. ख्रिस्ती म्हणून शिरस्तेदाराने बायबल पुढे केलं. काका म्हणाले, "मैं कसम नहीं खाऊँगा साहब." कोर्टात कुजबुज. पाळक आणि बायबलवर हात ठेवायला नकार! काका म्हणाले, यातच लिहिलंय की शपथ वाहू नका, तुमचं होय ते होय असू द्या, नाही ते नाही. मग शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष झाली. आणि काय साक्ष दिली? सायकल माझी आहे, होय. याच मुलाकडे सापडली, होय. त्याला वाचवायला एक शब्द खोटा बोलले नाहीत. माझ्या वडिलांना ते पटलं नव्हतं. "इतका मार खाल्लात त्याच्यासाठी, मग 'ओळखत नाही' म्हणायला काय झालं होतं?" काकांकडे त्याचं उत्तर नव्हतं, किंवा ते दिलं नाही. मुलाला शिक्षा झाली. तो आत असेपर्यंत दर महिन्याला काका त्याच्या आईकडे तांदूळ पोचवत होते, त्याच सायकलवरून.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक जुनं चित्र होतं. एक माणूस गोठलेल्या पाण्याच्या काठावर वाकून दुसऱ्याला वर ओढतोय. डर्क विलेम्स हे त्याचं नाव. हॉलंडमधल्या आस्पेरेनचा. प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि घरात सभा भरवल्या म्हणून त्याला कैद झाली. चिंध्यांचा दोर करून तो खिडकीतून उतरला आणि पातळ बर्फावरून पळाला. मागे लागलेला शिपाई बर्फ फुटून पाण्यात गेला. डर्क मागे वळला आणि त्याला बाहेर काढलं. त्यानंतर डर्कला पकडून १५६९ मध्ये जिवंत जाळलं.

धमतरीच्या पोरांना बर्फ कुठे माहीत? काका ती गोष्ट सांगताना गावाबाहेरचा तलाव घ्यायचे, वर दाट जलकुंभी साचलेली, पाहिलं तर जमीन वाटते आणि पाय टाकला की माणूस खाली. आम्ही श्वास धरून ऐकायचो. शेवट मात्र बदलायचे नाहीत. जाळलं म्हणजे जाळलं. मी सात-आठ वर्षांचा असेन, रडवेला होऊन विचारलं, मग तो परत फिरला कशाला? काका छत्तीसगढीत म्हणाले, "ओ बूड़त रिहिस न, बेटा." तो बुडत होता ना रे.

बस. याच्यापुढे कधी काही सांगितलं नाही.

प्रश्नांकित

फार सुंदर लिहिलंय. कान आणि तांदूळ दोन्ही लक्षात राहतील. माफ करा, पण मेनोनाइट म्हणजे नेमके कोण? घोडागाडीतून फिरणारे, वीज न वापरणारे ते अमेरिकेतले लोक का?

महानदीकाठ

तुम्ही म्हणता ते आमिश. मूळ एकच. १६९३ च्या सुमारास याकोब आमान याच्या मागे जो गट वेगळा झाला ते आमिश. मेनोनाइटांमध्येही जुन्या वळणाचे, घोडागाडीवाले गट आहेत. पण धमतरीचे मेनोनाइट तुमच्या-आमच्यासारखेच, मोटरसायकलवरून चर्चला जाणारे.

नाव पडलं मेनो सिमन्स याच्यावरून. हा फ्रीसलंडचा कॅथलिक धर्मगुरू, १५३६ मध्ये पद सोडून या लोकांत आला. मूळ चळवळ त्याच्याही आधीची, १५२५ ची, झुरिकमधली. लहान बाळाला नव्हे तर कळत्या माणसाने स्वतः मागून घेतलेला बाप्तिस्मा खरा, हे त्यांचं म्हणणं. त्यासोबत शस्त्र नाही, शपथ नाही, आणि राज्यसत्तेने धर्म चालवायचा नाही. एवढ्यावरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनीही त्यांना मारलं.

लिमातकाठची

मी झुरिकमध्ये राहते. लिमात नदीकाठी शिप्फे म्हणून जुना भाग आहे, तिथे दगडी पाटी आहे. ऑफिसला जाताना रोज तिच्यासमोरून जाते. फेलिक्स मान्झ आणि आणखी पाच जणांना १५२७ ते १५३२ या काळात इथे नदीत बुडवून मारलं असं तीवर लिहिलंय. बाप्तिस्म्यावरून भांडण म्हणून शिक्षाही पाण्याची. मान्झला जानेवारीत बुडवलं. जानेवारीत हे पाणी कसं असतं ते मला ठाऊक आहे, हातमोजे काढवत नाहीत.

ही पाटी २००४ मध्ये बसवली. त्या वेळी इथल्या रिफॉर्म्ड चर्चने आपल्या पूर्वजांच्या कृत्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २०२५ मध्ये चळवळीला ५०० वर्षं झाली तेव्हा जगभरातून लोक आले होते. त्या गर्दीत भारतीय चेहरेही दिसले आणि मला नवल वाटलं होतं. आता कळलं कोण असतील ते. उद्या पाटीपाशी दोन मिनिटं थांबेन. काकांना नमस्कार.

वऱ्हाडी_पाऊल

अहो, यवतमाळचं नाव वाचून डोळ्यात पाणी आलं. मी तिथलाच. सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीला गेली, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या लहानपणी तिथे नागालँडपासून केरळपर्यंतची पोरं दिसायची. संध्याकाळी फिरायला निघाली की आम्ही त्यांच्या मागे मागे. कोणाला मराठी येत नसे, पण मंडईत दोन महिन्यांत "कसे दिले जी?" शिकत. तुमच्या काकांचं "हाय का जी" तिथलंच, शंभर टक्के.

ते शकुंतलेतून गेले असतील का हो कधी? आमची मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी गाडी?

महानदीकाठ

गेले असतील का म्हणजे! शकुंतला हा त्यांचा हळवा कोपरा होता. आमच्याकडेही रायपूर-धमतरी छोटी रेल होती, तीच अडीच फुटी लाइन. काका म्हणायचे, घरापासून इतक्या दूर आलो आणि स्टेशनावर आपलीच गाडी उभी. त्या गाडीतून त्यांनी एक प्रवास केला होता, त्याविषयी लिहायचं की नाही ते ठरत नाही. बघतो.

वकिली_पान

शपथेच्या प्रसंगाविषयी थोडं. काका कायद्यानेही बरोबर होते. शपथ अधिनियम १९६९, कलम ५ : साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देता येते. कारण सांगायचीही गरज नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आहेत, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. आपण टीव्हीवर शपथविधी पाहतो तेव्हा दुसरा पर्याय घेणारे बहुतेक नास्तिक असणार असं धरून चालतो. बायबल मानतो म्हणून बायबलवर हात ठेवणार नाही, असा माणूस मला पंचवीस वर्षांच्या वकिलीत भेटलेला नाही.

इंग्लंड-अमेरिकेतही प्रतिज्ञेची सोय क्वेकर आणि मेनोनाइट अशा लोकांच्या हट्टामुळे आली. तुरुंगात गेले पण शपथ घेतली नाही. आज त्याचा फायदा आपण सगळेच घेतो.

आणि तुमच्या वडिलांच्या प्रश्नाविषयी. मी बचाव पक्षाची वकील असते तर मलाही काकांचा राग आला असता. पण असा साक्षीदार मिळाला की न्यायाधीश पेन खाली ठेवून ऐकतात, हेही खरं.

सरळसोट

लेख आवडला, माणूस मोठा होता यात शंका नाही. तरी एक विचारतो, राग मानू नका. धमतरीत हे मिशन आलं ते दुष्काळात. उपाशी माणसाला धान्य द्यायचं आणि सोबत धर्म द्यायचा, हे तुम्हाला योग्य वाटतं? आपल्या नागपूरच्याच निवृत्त न्यायमूर्ती नियोगींच्या, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या समितीने १९५६ च्या अहवालात यावर बरंच लिहिलं आहे. तुमच्या काकांचं स्वतःचं घराणं कसं ख्रिस्ती झालं?

महानदीकाठ

राग कशाचा? हा प्रश्न मीही काकांना विचारला होता, कॉलेजात असताना, आणि तुमच्याइतका सभ्यपणे नाही.

आधी घडलं काय ते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मेली. बातम्या अमेरिकेत पोचल्या, तिथल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी धान्य पाठवलं आणि जॉर्ज लॅम्बर्ट नावाचा गृहस्थ त्याच्या वाटपासाठी इकडे आला. त्यातून १८९९ मध्ये जेकब रेस्लर आणि पेज आडनावाचं मिशनरी दांपत्य आले आणि धमतरीला राहिले. ते येऊन टेकतात तोच दुसरा, छप्पनचा (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा) दुष्काळ. शेकडो अनाथ पोरं त्यांच्या पदरात पडली. त्या पोरांमध्ये काकांची आजी होती.

काका म्हणाले होते, "तुझा प्रश्न बरोबर आहे. नऊ वर्षांच्या पोरीला कोणी विचारलं नाही तुला काय व्हायचंय म्हणून. तिला आधी पेज दिली. मेनोनाइट म्हणतात की कळत्या वयात माणसाने स्वतः निवडावं, आणि अनाथाश्रमातल्या पोराला निवड ती किती? हे ओझं आमच्या मंडळीवर आहे. मी ते नाकारत नाही." मग थोड्या वेळाने, "पण ती पेज कोणीतरी द्यायलाच हवी होती. ज्यांनी द्यायला हवी होती ते आले नाहीत."

नियोगी अहवाल त्यांनी वाचला होता. त्याबद्दल कडवट बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. स्वतः मात्र कोणाला आजारपणात किंवा अडचणीत बाप्तिस्मा द्यायचे नाहीत. बरा हो, घरी जा, एक पीक काढ, मग ये, म्हणायचे. यामुळे वरच्यांची बोलणी खाल्ल्याचंही मला माहीत आहे.

निवृत्तीनंतर दर गुरुवारी शांतिपूरच्या कुष्ठधामात जात. प्रवचन करायला नाही. लोकांची पत्रं लिहून द्यायला आणि नखं कापायला. बधिर बोटांची नखं कापणं फार जपून करावं लागतं, कारण त्या माणसाला लागलेलं कळत नाही. चष्मा दोनदा पुसून बसायचे. वर्षातून दोनदा प्रभुभोजनाच्या वेळी मंडळीत एकमेकांचे पाय धुण्याचा विधी असतो. मी खिडकीतून पाहिलेला आहे, घमेलं, तांब्या, पंचा. त्या दिवशी काका जसे बसायचे तसेच गुरुवारी बसायचे. मला दोन्हीत फरक दिसला नाही.

ऑन्टारिओ_हिवाळा

इकडे वॉटर्लूच्या भागात मेनोनाइट भरपूर. न्यू हॅम्बर्गला दरवर्षी त्यांचा मोठा सेल भरतो. बायकांनी वर्षभर हाताने शिवलेल्या गोधड्यांचा लिलाव होतो आणि पैसे जगभरच्या मदतकार्याला जातात. आपल्या आज्यांच्या गोधडीची आठवण येते, फक्त टाके फार नेमके. मी गेली कित्येक वर्षं जातो, पण मागचा इतिहास शोधला नव्हता. ही त्यांची मदतसंस्था, मेनोनाइट सेंट्रल कमिटी, १९२० ची, तीही रशिया-युक्रेनमधल्या उपासमारीतूनच जन्मलेली.

दुष्काळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे १२,००० तरुणांनी शस्त्र घ्यायला नकार देऊन पर्यायी सेवा केली, त्यात सगळ्यात जास्त मेनोनाइट. कोणी वणवे विझवले, कोणी मनोरुग्णालयांत काम केलं. आणि या नकार देणाऱ्यांपैकी ३६ जण मिनेसोटा विद्यापीठात स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. युद्ध संपल्यावर उपासमारीने खंगलेल्या माणसांना पुन्हा खायला कसं घालायचं हे डॉक्टरांना कळावं म्हणून. सगळे मेनोनाइट नव्हते, क्वेकर आणि इतरही होते. पण लढणार नाही म्हणणाऱ्याला लोक भित्रा म्हणतात, तेव्हा मला ते ३६ जण आठवतात.

सरळसोट

महानदीकाठ, उत्तराबद्दल आभार. 'ज्यांनी द्यायला हवी होती ते आले नाहीत' हे वाक्य झोंबलं, आणि झोंबायलाच हवं. नियोगी अहवालावरचं माझं मत कायम आहे. पण 'एक पीक काढ, मग ये' म्हणणाऱ्या पाळकाशी बोलायला मला आवडलं असतं.

वऱ्हाडी_पाऊल

तो शकुंतलेचा प्रवास राहिला ना जी.

महानदीकाठ

दोन दिवस विचार केला. काकूंना फोनही केला. त्या म्हणाल्या लिही, त्यांनी लपवलं नव्हतं.

काकांच्या आजीला एक थोरली बहीण होती. १८९७ च्या दुष्काळात, म्हणजे मिशन यायच्या आधी, आई-बाप गेले आणि दोघी बहिणी एका मदतछावणीत होत्या. तिथे पुण्याकडची एक बाई आली, पांढऱ्या कपड्यातली, आणि काही मुली-बायकांना आपल्या सोबत घेऊन गेली. थोरली गेली. धाकटी तापाने फणफणली होती, म्हणून मागे राहिली. तेव्हा ती सहा वर्षांची. तीन वर्षांनी दुसऱ्या दुष्काळात ती धमतरीच्या आश्रमात आली. बहिणीचं पुढे काय झालं ते तिला कधीच कळलं नाही.

यवतमाळात मराठी वाचायला लागल्यावर काकांना उलगडा झाला की ती बाई कोण असू शकते. पंडिता रमाबाई त्याच दुष्काळात मध्य प्रांतात फिरल्या होत्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या होत्या. त्यांच्यासाठीच केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. आजी तेव्हा जिवंत होती, सत्तरीकडे झुकलेली. काकांनी तिला पत्र लिहिलं, मी जाऊन पाहतो.

शकुंतलेने मूर्तिजापूर, तिथून भुसावळ, मनमाड, दौंड करत केडगाव. दोन दिवस लागले. तिथल्या लोकांनी आपुलकीने चौकशी केली, पण आजीला बहिणीचं घरातलं लाडाचं नाव तेवढं आठवत होतं. त्यावरून कोण सापडणार? शेवटी कोणीतरी म्हणालं, सीपीकडून, म्हणजे मध्य प्रांतातून आलेली एक म्हातारी आहे, तिला भेटा. पंचाहत्तरीची असेल. अस्खलित मराठी, नऊवारी, दात नाहीत. गाव आठवेना, नदी आठवेना. बहीण होती का? असेल बाबा, पुष्कळ जणी होतो आम्ही. काका उठायला लागले तेव्हा तिने हात धरला आणि विचारलं, "तुमच्याकडे अजून बासी खातात का रे?"

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा. छत्तीसगढात घराघरांत हेच. केडगावात साठ वर्षं भाकरी खाल्लेल्या बाईला तेवढा एक शब्द उरला होता.

काका सुट्टीत घरी गेले. सगळ्या वाटेत एकच विचार. आजीला सांगावं का, तीच होती म्हणून? कोण तपासणार होतं? आजीला शांत मरण आलं असतं. मला म्हणाले, "आयुष्यात एकदाच मनापासून खोटं बोलावंसं वाटलं." पण बोलले नाहीत. जे घडलं तेच सांगितलं. एक म्हातारी भेटली, ती तीच आहे की नाही ठाऊक नाही, तिला बासी आठवते.

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नून संग खाथे के मही संग?" मिठासोबत खाते की ताकासोबत?

काकांनी ते विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी परीक्षा संपल्यावर ते पुन्हा केडगावला गेले, तेवढं विचारायला. म्हातारी थंडीत वारली होती.

मला ही गोष्ट काकांनी सांगितली ती माझे वडील गेले त्या वर्षी. सायकलवाल्या मुलाच्या साक्षीवरून वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणाले, आणि मग हे सांगितलं. ते उत्तर आहे का, मला अजून नक्की कळत नाही. काका दोन्ही वेळा खरं बोलले आणि दोन्ही वेळा त्यांना त्याचं दुःख होतं, एवढं मला दिसलं.

दौंड_लोकल

मी केडगावजवळच्या गावची. माझी पणजी मुक्तीत वाढलेली, तीही त्या दुष्काळातलीच, पण गुजरातकडून आलेली असं घरी सांगतात. हे वाचून आत्ता आईला फोन केला. आई म्हणाली, पणजीच्या बोलण्यात घरात कोणालाच न कळणारे दोन-तीन शब्द असायचे, आणि लहानपणी आम्ही त्यावर हसायचो. कोणते शब्द ते आईला आठवत नाहीत. रडत होती फोनवर.

वऱ्हाडी_पाऊल

काही सुचत नाही लिहायला. आजीचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

लिमातकाठची

आज सकाळी पाटीपाशी थांबले. पाऊस होता. थोडा वेळ उभी राहिले आणि ऑफिसला गेले.

प्रश्नांकित

महानदीकाठ, काकांची पत्रं, वह्या काही आहेत का? कोणीतरी जपायला हवं हे.

महानदीकाठ

एक वही आहे, मुलीकडे. यवतमाळातली मराठी भजनं हाताने उतरवलेली. ळ लिहायची सवय नव्हती त्यांना, सगळीकडे ल लिहून नंतर वेगळ्या शाईने दुरुस्त केलाय. तिच्या परवानगीने पानांचे फोटो काढून ठेवणार आहे. दौंड_लोकल, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. शब्द आठवले तर, कधीही, इथे लिहा.

रविवारी धमतरीला स्मरणसभा आहे. मी शनिवारी निघतोय. काकूंना विचारलं, काही आणू का? म्हणाल्या, ज्वारीचं पीठ आण, तिघी-चौघींना भाकरी शिकवायची आहे. दोन किलो दळून घेतलंय.